अलार्मला धाव, फिर्यादीला चौकशी!

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीला लागून असलेल्या बाजारपेठेत रात्री अडीचच्या सुमारास एका सराफाच्या दुकानाचा सायरन सुरू झाला. दहा मिनिटांच्या आत पोलिसांची जीप आली. दोन शिपाई उतरले, शटरची कुलपे ओढून पाहिली, टॉर्च मारला. चोर नव्हता. शटरच्या वरून पाणी आत झिरपले आणि वायर भिजली, असे दुसऱ्या दिवशी कळले. मालक गावाला गेलेला, किल्ली त्याच्याच खिशात. त्यामुळे सायरन पहाटे पाचपर्यंत वाजत राहिला. म्हातारीकोतारी, तान्ही मुले, पहिल्या पाळीला जाणारे कामगार, कुणाच्याही डोळ्याला डोळा लागला नाही. त्या महिन्यातली ही तिसरी वेळ होती आणि तिन्ही वेळा जीप आली होती.

याच वस्तीतून मागे एकदा एका घरावर हल्ला झाला म्हणून फोन गेला होता. तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘कुठल्या गल्लीतून बोलता?’ दुसरा, ‘दारू पिऊन भांडण आहे का?’ तिसरा, ‘तुम्ही स्वतः पाहिले का?’ जीप आली ती उजाडल्यावर.

सराफाकडे पोलिसांनी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. कष्टाने उभे केलेले दुकान फुटले तर कुणालाही दुःख होते. आमचा प्रश्न वेगळा आहे. पोलीस दल सर्वांच्या करातून चालते. ते कुणाच्या हाकेला काहीही न विचारता धावते आणि कुणाच्या हाकेची आधी खातरजमा करते? हाक खोटी निघाली तर तिचा खर्च कुणी सोसायचा? आपल्याकडे या प्रश्नाचा कुणी कायद्याच्या अंगाने विचार केलेला नाही. अमेरिकेतल्या शहरांनी मात्र तो गेली कित्येक वर्षे केला आहे, त्यासाठी स्थानिक कायदे केले आहेत आणि त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. आता हीच यंत्रे आपल्या शहरांतल्या सोसायट्यांत, दुकानांत, बंगल्यांत झपाट्याने बसत आहेत. म्हणून तिकडचा अनुभव आपल्या वाचकांपुढे ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

हे यंत्र कसे चालते ते आधी पाहू. दाराच्या चौकटीत चुंबकाचा स्विच असतो. दार उघडले की तो सुटतो. खोलीच्या कोपऱ्यात माणसाच्या अंगाची उष्णता आणि हालचाल टिपणारा डोळा असतो. काही ठिकाणी काच फुटल्याचा आवाज ओळखणारे उपकरण असते. यातले एखादे चाळवले की संदेश कंपनीच्या नियंत्रण कक्षात जातो. तो कक्ष कित्येकदा दुसऱ्याच राज्यात असतो. तिथला नोकर घरी फोन लावतो, कुणी उचलला नाही की पोलिसांना कळवतो आणि त्याचे काम तिथे संपते. पुढे बहुधा दोन पोलीस गाडी घेऊन निघतात, घराभोवती फिरतात, दारे-खिडक्या तपासतात आणि परत जातात.

परत जातात, कारण तिथे कुणी नसते. घरमालक स्वतःच आत येऊन आकडे दाबायला विसरलेला असतो. कामवालीला आकडे सांगितलेले नसतात. मांजर उडी मारते, पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलतो, वाढदिवसाचा फुगा खोलीत तरंगतो, उपकरणावर कोळी फिरतो, बॅटरी उतरते, वीज चमकते. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसांसाठी एक पुस्तिका काढली होती. तिच्यातला अंदाज असा की २००२ साली तिथल्या पोलिसांना चोरीच्या अलार्मसाठी सुमारे ३ कोटी ६० लाख वेळा धावावे लागले. त्यातले ९४ ते ९८ टक्के अलार्म खोटे होते. खर्च वर्षाला १८० कोटी डॉलर. पोलिसांकडे येणाऱ्या एकूण कामांपैकी १० ते २५ टक्के काम एवढ्या एकाच गोष्टीचे. हा प्रश्न सुटला तर सुमारे ३५ हजार पोलीस दुसऱ्या कामाला मोकळे होतील, असेही त्या पुस्तिकेत म्हटले होते.

आता यातला धंदा बघा. कंपनी ग्राहकाकडून दरमहा पैसे घेते. त्या बदल्यात ती त्याला काय देते? एक पेटी, एक फोन आणि ‘पोलीस येतील’ हा भरवसा. पेटी कंपनीची आहे, पण पोलीस कंपनीचे नाहीत. म्हणजे जी वस्तू आपल्या मालकीची नाही तीच कंपनी विकते. नफा तिचा, आणि पेट्रोल, गाडी, पगार मात्र सरकारचा. विमा कंपनी अलार्म असलेल्या घराला हप्त्यात सवलत देते, तीही याच धावेच्या जोरावर. ज्यांच्या घरात अलार्म नाही अशी बहुसंख्य कुटुंबे कर भरतात आणि अलार्मवाल्यांच्या मांजरांसाठी पोलीस पाठवतात. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. सार्वजनिक पैशाचा लाभ कुणाला आणि भार कुणावर, हा हिशेब मांडायला त्यांनीच आपल्याला शिकवले. त्या हिशेबात हे प्रकरण बसवून पाहिले की उत्तर लगेच मिळते.

यावर शहरांनी काय केले? बहुतेक ठिकाणी आधी परवाना आला. अलार्म बसवायचा तर शहराकडे नोंद करा, शुल्क भरा, किल्ली कुणाकडे आहे ते लिहून द्या. मग दंड आला. वर्षातले पहिले एक-दोन खोटे अलार्म माफ, पुढे प्रत्येक खेपेला चढता दंड, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर पोलीस येणे बंद. फ्लोरिडा राज्याने असा नियम केला की पोलिसांना कळवण्याआधी कंपनीने किमान दोन वेळा फोन करून खात्री करावी. एवढ्यानेही काही फरक पडतो. दुसरा फोन मालकाच्या मोबाइलवर लागतो आणि तो सांगतो की अलार्म मुलाच्या हातून वाजला.

पण खरे धाडस केले ते युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीने. तिथे १९९९ साली पोलिसांना अलार्मचे सुमारे ८ हजार कॉल आले, आणि त्यांत खरा गुन्हा शंभरात एकही निघाला नाही. डिसेंबर २००० पासून शहराने नियम बदलला. यंत्र वाजले एवढ्यावर पोलीस येणार नाहीत. कंपनीने आधी आपला पहारेकरी पाठवावा किंवा कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेले असावे. गुन्ह्याची काही खूण दिसली, तर पोलीस येतील. याला तिकडे पडताळणीनंतरची धाव म्हणतात. परिणाम असा झाला की पोलिसांकडे येणारे अलार्मचे कॉल सुमारे ९० टक्क्यांनी घटले. कंपन्यांनी आधी ओरड केली होती की शहर चोरांना मोकळे रान देत आहे. तसे काही झाले नाही.

मात्र सगळीकडे हे जमले नाही. लॉस एंजेलिसमध्ये ९० टक्क्यांहून अधिक अलार्म खोटे निघत होते. २००३ साली तिथल्या पोलीस आयोगाने असाच नियम आणायचे ठरवले, तर अलार्म कंपन्या आणि टेकड्यांवरच्या बंगल्यांचे मालक एक झाले. नगरसेवकांवर दबाव आला आणि शेवटी तडजोड निघाली: पहिले दोन खोटे अलार्म पोलीस सोसतील, त्यानंतर पडताळणी मागतील. टेक्सासमधल्या डॅलसने २००६ मध्ये दुकाने आणि कार्यालयांच्या अलार्मसाठी पडताळणीची अट घातली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली. सत्तेला कुणाचा आवाज लवकर ऐकू जातो, हे लोकशाही कितीही जुनी असली तरी बदलत नाही, एवढेच यावरून दिसते.

जॉर्जिया राज्यातल्या सँडी स्प्रिंग्स या अटलांटाजवळच्या शहराचे उदाहरण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. त्यांनी दंड घरमालकाला न करता अलार्म कंपनीला केला. जिने पैसे घेतले तिनेच भरावे, हा साधा न्याय. मग २०१९ पासून पडताळणीची अटही घातली. कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. ग्राहकाच्या चुकीची शिक्षा आम्हाला का, असा तिचा युक्तिवाद होता. २०२० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. सर्वात अलीकडचे मोठे उदाहरण सिॲटलचे. तिथे २०२३ मध्ये १३ हजार अलार्म कॉल आले आणि त्यांतल्या ४ टक्क्यांपेक्षा कमी ठिकाणी अटक करण्याजोगा किंवा अहवाल लिहिण्याजोगा गुन्हा आढळला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथले पोलीसही चित्रण, आवाज, साक्षीदार असा काही पुरावा असल्याशिवाय नुसत्या सेन्सरवर जात नाहीत.

इंग्लंडमध्ये वेगळी पद्धत आहे. तिथे पोलिसांकडून क्रमांक घेतलेल्या अलार्मलाच तातडीची धाव मिळते. एक सेन्सर वाजून भागत नाही, दुसऱ्यानेही दुजोरा द्यावा लागतो. आणि बारा महिन्यांत तीन खोटे अलार्म झाले की ती सोय काढून घेतली जाते. आवाजाचाही तिथे स्वतंत्र कायदा आहे. २००५ च्या कायद्याने स्थानिक संस्थेला अधिकार दिला की एखादा भाग जाहीर करून तिथल्या प्रत्येक अलार्म मालकाला किल्ली असलेल्या माणसाचे नाव नोंदवायला लावावे. सायरन सलग वीस मिनिटांहून अधिक वाजला तर अधिकाऱ्याने जागेत शिरून तो बंद करावा. आमच्या सराफाच्या दुकानाला असा नियम लागू असता तर वस्तीला अडीच तास जागावे लागले नसते.

इथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील की हा पैसेवाल्यांचा आणि पोलिसांचा आपसातला मामला आहे, चळवळीचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे.

आज ज्याला आपण घराची सुरक्षा यंत्रणा म्हणतो, म्हणजे दारावर कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलायची सोय आणि पोलिसांना कळवायचे बटण, तिचा पहिला आराखडा एका काळ्या बाईने केला. तिचे नाव मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जमैका वस्तीत राहत होती आणि परिचारिका होती. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, नवऱ्याच्याही तशाच. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि फोन केला तर पोलीस वेळेवर येत नसत. रात्री घरात एकटी असताना दार वाजले तर उघडायचे कसे, या भीतीतून तिने आणि तिचा नवरा अल्बर्ट ब्राऊन यांनी यंत्र जुळवले. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांवर खालीवर सरकणारा कॅमेरा, पलंगाजवळ दूरचित्रवाणीचा पडदा, दार दुरून उघडायची कळ आणि मदत मागायचे बटण. १ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. पुढच्या कितीतरी पेटंटांमध्ये तिच्या कामाचा आधार घेतलेला आहे.

१९६६ हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ब्लॅक पँथरची स्थापना झाली. तिचे पहिले काम पोलिसांवर पाळत ठेवण्याचे होते, कारण पोलीस वस्तीत येत तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी येत नसत. एका टोकाला एक परिचारिका दारात कॅमेरा बसवत होती, दुसऱ्या टोकाला तरुण पोरे पोलिसांच्या गाडीमागे फिरत होती. दोघांची तक्रार एकच होती. सहा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच नावाने मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्यामागेही गावोगावचे अत्याचार आणि त्यांकडे पाठ फिरवणारी सरकारी यंत्रणा होती, हे आपल्या पिढीला नव्याने सांगायला नको.

म्हणजे ज्यांच्या हाकेला पोलीस येत नव्हते त्यांच्या गरजेतून ही कल्पना निघाली. पुढे ती बाजारात गेली, आणि ज्यांच्याकडे पोलीस आधीच वेळेवर येत होते त्यांच्या बंगल्यांवर मोठ्या संख्येने बसली. तिथे मांजरे उड्या मारू लागली आणि गाड्या तिकडेच पळू लागल्या. ज्या गल्लीत मेरी ब्राऊनसारखी बाई फोन धरून बसली आहे, तिथे जायला गाडी कुठून उरणार?

खोटा अलार्म म्हणजे केवळ वाया गेलेले पेट्रोल, असे समजण्याचे कारण नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर कॅरोलिना राज्यातल्या राले शहरात एका काळ्या माणसाच्या स्वतःच्या घरातला अलार्म वाजला. त्याच्याकडे आलेला मित्र जाताना तो चुकून सुरू झाला होता. त्याने तो बंद केला आणि झोपला. पोलीस आले, त्याच्यावर बंदूक रोखली आणि तो ‘हे माझेच घर आहे’ म्हणत असताना अंगावर फक्त अंतर्वस्त्र असलेल्या त्या माणसाला बेड्या घालून बाहेर काढले. पैसे भरून आपल्याच रक्षणासाठी घेतलेल्या यंत्राने त्याच्यावरच बंदूक आणली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोरही नव्हता. कातडीचा रंग पाहून घरमालक कोण आणि चोर कोण हे ठरवणारा पोलीस जोवर आहे, तोवर विनाकारण एकेका दारात पोलीस पाठवणे हा काळ्यांच्या जिवाशी खेळ आहे. म्हणून पडताळणीचा नियम आम्हाला तत्त्वतः योग्य वाटतो.

तरी या नियमाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. यंत्राची पडताळणी पहारेकऱ्याने करायची म्हटले की ज्याला पहारेकरी परवडतो त्यालाच पोलीस, असा अर्थ होऊ शकतो. गरीब भागात छोटे दुकान चालवणाऱ्याने उसनवारी करून स्वस्तातला अलार्म बसवला असेल तर त्याचे काय? चढत्या दंडाचेही तसेच. बंगलेवाला दंड चहापाण्यासारखा भरतो, टपरीवाल्याचे आठवड्याचे उत्पन्न जाते. म्हणूनच दंड कंपनीवर बसवण्याचा सँडी स्प्रिंग्सचा मार्ग आम्हाला सरस वाटतो. आणि तो पहारेकरी कोण असतो? मुंबई-पुण्याच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर जाऊन विचारा. मराठवाड्यातली, विदर्भातली, उत्तरेतली, बहुतेक आपलीच पोरे. बारा-बारा तासांची पाळी, हातात काठी. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी १९८१ चा कायदा आहे. त्यातून सूट घेणाऱ्या एजन्सीही आहेत. उद्या आपल्याकडे पडताळणीचा नियम आला तर रात्री अडीचला, चोर आहे की नाही हे पाहायला निःशस्त्र पुढे पाठवले जाईल ते याच पोरांना. त्यांच्या विम्याचा आणि पगाराचा विषय त्याच नियमात लिहिला गेला पाहिजे. नाहीतर पोलिसांचा धोका काढून तो स्वस्त मजुराच्या अंगावर टाकल्यासारखे होईल.

आता या सर्व प्रकरणातला जो मुद्दा आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो, तो सांगतो. सॉल्ट लेक सिटीपासून सिॲटलपर्यंत जिथे जिथे पडताळणीचा नियम झाला, तिथे तिथे एक अपवाद ठेवला गेला. माणसाने स्वतः दाबलेले संकटाचे बटण, दरोड्याच्या वेळी गल्ल्याखाली दाबलेली कळ, यांना पडताळणी लागत नाही. तिथे पोलीस लगेच जातात. मांजराने चाळवलेला सेन्सर ही एक गोष्ट आहे, आणि जिवंत माणसाने जिवाच्या भीतीने मारलेली हाक ही दुसरी. कंपन्यांशी भांडणाऱ्या शहरांनीही हा फरक पाळला.

आपल्या देशात याच्या नेमके उलटे झाले. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात निकाल दिला. हा खटला आपल्याच राज्यातून गेलेला होता. ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो, खोट्या फिर्यादी होतात, असे कारण देऊन उपअधीक्षकाकडून प्राथमिक चौकशीची वाट मोकळी करून देण्यात आली. सरकारी नोकराच्या अटकेला त्याच्या नियुक्ती अधिकाऱ्याची आणि इतरांच्या अटकेला वरिष्ठ पोलीस अधीक्षकाची मंजुरी लागेल, असेही सांगण्यात आले. म्हणजे काय? शंभरात पंचाण्णव वेळा खोटे वाजणाऱ्या यंत्रासाठी जग वर्षानुवर्षे न विचारता धावले, आणि दलिताने, आदिवासीने पोलीस ठाण्याच्या पायरीवर येऊन मारलेल्या हाकेला आधी खातरजमा! ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपल्या समाजावर चिकटवण्यात आली. त्या गोष्टीतला पोरगा प्रत्यक्षात कोण होता, हे वर दिलेले आकडे सांगतात.

यंत्राचा खोटेपणा जागेवर जाऊन मोजता येतो: दार बंद, काच शाबूत, चोर नाही. माणसाच्या फिर्यादीवर ‘खोटी’ असा शिक्का कोण मारतो? बहुधा तोच तपास अधिकारी, जो घटनास्थळी दोन दिवस उशिरा पोहोचला. साक्षीदार उलटतो, कारण त्याला उद्या आरोपीच्याच शेतात मजुरीला जायचे असते. वैद्यकीय तपासणीला उशीर होतो, जातीचा दाखला वेळेत जोडला जात नाही. मग आरोपी सुटतो आणि तो सुटला म्हणून फिर्याद खोटी ठरते. हा हिशेब लबाडीचा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी जे घडले, तिथे हाक खोटी नव्हती.

२ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये आपली माणसे रस्त्यावर उतरली, काहींनी जीव गमावला. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घातले: या कायद्याखालील गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने आधीच्या निकालातले ते आदेश मागे घेतले. खटले फसतात ते सदोष तपासामुळे आणि माणसांच्या चुकांमुळे. फिर्यादी अमुक जातीचा म्हणून तो खोटा असे मानता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ वैध ठरले.

तरीही गाफील राहून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये, तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ॲट्रॉसिटी कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांना जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. तेव्हा एखाद्या ठाणे अंमलदाराने हे कलम पुढे केले तर कार्यकर्त्यांनी त्याला १८-अ दाखवावे. सोबत कलम ४ ही दाखवावे. फिर्याद लिहून घेणे, ती वाचून दाखवणे, प्रत देणे ही कर्तव्ये जाणूनबुजून टाळणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा त्यात आहे.

आपल्या शहरांतल्या अलार्मपुरते बोलायचे तर रात्रीच्या आवाजाची मर्यादा ठरलेलीच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ती निवासी भागात ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ५५ आहे. तासन्‌तास वाजणाऱ्या सायरनविरुद्ध वस्तीने त्या आधारे तक्रार करावी. किल्लीवाल्या माणसाची नोंद, वीस मिनिटांत आपोआप बंद होणारा सायरन आणि खोट्या खेपांचा खर्च कंपनीकडून वसूल करणे, एवढ्या गोष्टी आपल्या नगरसेवकांनी महापालिकेत आणि पोलीस आयुक्तांकडे मागाव्यात. यात कुणाचे नुकसान नाही, सराफाचेही नाही.

आणि कुणाकडे किती वेळात जीप जाते हे आता अंदाजाने बोलण्याची गरज राहिलेली नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ क्रमांकाची व्यवस्था सुरू आहे. फोन किती वाजता आला आणि गाडी जागेवर किती वाजता पोहोचली, याची नोंद संगणकात होते. गेल्या वर्षभरात आपल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अलार्मचे कॉल किती, त्यांत खरे किती, वस्तीवार सरासरी वेळ किती, ॲट्रॉसिटीच्या कॉलला किती, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे, उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दाखल्याची प्रत जोडली की तिकीटही लागत नाही. आमच्या वस्तीतल्या पोरांनी असा अर्ज या आठवड्यात दिला आहे.